‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हाताला बसवायचा असेल तर

जुना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, म्हणजे १९९० साली डॉसवर (विंडोजच्या आधीच्या कॉम्प्युटर प्रणालीवर) आलेला गेम, पहिल्यांदा चालू करणारा माणूस हमखास दोन गोष्टी बोलतो. आधी म्हणतो, "काय पळतोय हा!" आणि पाचेक मिनिटांनी म्हणतो, "हा ऐकत का नाही?"

माझं कोल्हापुरात, शाहूपुरीत, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत एक जुना पीसी आणि जाड काचेचा मॉनिटर मी मुद्दाम चालू स्थितीत ठेवलाय. रविवारी दुपारी गल्लीतली पोरं तिथे जमतात. त्यांना हा गेम शिकवता शिकवता जी पद्धत तयार झाली, ती इथे लिहितोय. कुठल्या लेव्हलमध्ये कुठे वळायचं याचे नकाशे कुठेही मिळतात. बटणं हाताला कशी बसवायची हे मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि बहुतेक जण गेम सोडतात ते तिथेच. इतकी सुंदर गोष्ट एवढ्याशा कारणाने सुटावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी तो असा का, हे समजून घ्या

जॉर्डन मेकनर या अमेरिकन प्रोग्रामरने १९८५ मध्ये अ‍ॅपल टू कॉम्प्युटरसाठी या गेमवर काम सुरू केलं. तो १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने बाजारात आणला. राजपुत्राच्या हालचाली त्याने मनाने काढलेल्या नाहीत. धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावून त्याने पळायला, उड्या मारायला, कठड्यावर चढायला सांगितलं आणि ते सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपलं. मग टीव्हीवर ती टेप एकेका चित्रावर थांबवून पडद्याचे फोटो काढले. फोटो धुऊन आणले, मार्करने आणि व्हाइटनरने शरीराची कड ठळक केली, ती चित्रं कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि एकेक ठिपका हाताने साफ करत बसला. तलवारबाजीसाठी १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं द्वंद्व त्याने असंच चित्रागणिक उतरवून घेतलं. गेमचं संगीत त्याच्या वडिलांचं.

बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवून सिनेमा काढला ते आपलं गाव. एकेका चित्रावर इतकी मेहनत घेणारा माणूस कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागू नये. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला कितीदा तरी हा अमेरिकेतला, फोटोंचा ढीग घेऊन बसलेला पोरगा आठवतो.

आता मुद्दा. मारिओसारख्या गेममध्ये तुम्ही बटण दाबता आणि माणूस त्या क्षणी वळतो, हवेत असला तरी वळतो. इथे बटण दाबलं की एक पूर्ण हालचाल सुरू होते. धावायला लागताना आधी अंग पुढे झुकतं, मग पाय उचलतो, मग वेग येतो. थांबताना पाय घसटत दोन पावलं जातात. गेम सेकंदाला साधारण १२ चित्रं दाखवतो, त्यामुळे एक धावती उडी म्हणजे जवळजवळ सेकंदभराचा ऐवज. तेवढ्यात तुम्ही बटणं कितीही बडवा, ती हालचाल संपल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. जे बघून तुम्ही "काय पळतोय" म्हणालात, तेच त्याच्या न ऐकण्याचं कारण आहे. एक हवं असेल तर दुसरं घ्यावंच लागतं, आणि माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी मर्दानी खेळ शिकते. बाकीची पोरं "काका, बटन सोडलं तरी पळतोयच की ह्यो!" म्हणून ओरडत होती तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "वस्ताद आम्हाला आधी नुसते पवित्रेच करायला लावतात. पाय पडला की पडला, तो पुरा करायचा, मग पुढचा." सगळ्यांत लवकर गेम तिच्या हातात बसला. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे: आधी पाय, मग उडी, तलवार सगळ्यांत शेवटी.

कीबोर्ड लावून घ्या

हे टाळू नका. निम्मा त्रास गेमचा नसतोच, कीबोर्डचा असतो.

या गेममध्ये सगळ्यांत महत्त्वाचं बटण शिफ्ट. सावकाश पाऊल टाकणं, कठडा पकडणं, वस्तू उचलणं, बाटलीतलं औषध पिणं, तलवारीचा वार करणं, सगळं त्याच्यावर. आणि विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ची खिडकी समोर उघडते. पहारेकऱ्यावर भराभर वार करताना ती उघडली की तिकडे राजपुत्र मेलाच. सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅक्सेसिबिलिटीत कीबोर्डचा भाग उघडा (जुन्या विंडोजवर त्याला ईझ ऑफ अ‍ॅक्सेस म्हणतात) आणि स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा. नुसती खिडकी बंद केली तर ती पुन्हा येते, शॉर्टकटच बंद करायचा.

मोठा कीबोर्ड असेल तर उजवा हात अंकांच्या पॅडवर ठेवा. ४ आणि ६ म्हणजे डावं-उजवं, ८ वर, २ खाली. खरी सोय ७ आणि ९ ची: डावीकडे उडी आणि उजवीकडे उडी, एकाच बोटाने. नमलॉक बंद ठेवा. तो चालू असला तर शिफ्ट आणि अंक एकत्र दाबल्यावर शिफ्ट धरलेलं गेमला कळत नाही, आणि सावकाश पाऊल टाकायला गेलेला राजपुत्र सरळ दरीत पळत सुटतो. "परवा चालत होतं, आज चालत नाही" अशी तक्रार आली की मी आधी नमलॉकचा दिवा बघतो.

लॅपटॉपवर अंकांचं पॅड नसेल तर वर आणि उजवा असे दोन अ‍ॅरो एकत्र दाबून उडी मारता येते. जमतं, पण दोन्ही बोटं एकाच वेळी पडली पाहिजेत. एक आधी पडलं की तो नुसता पळतो किंवा जागच्या जागी वर उडी मारतो. स्वस्त कीबोर्डांना तीन बटणं एकत्र दाबलेली कळत नाहीत. तपासणं सोपं: शिफ्ट, वर आणि उजवा एकदम धरून बघा, मग शिफ्ट, वर आणि डावा. एखाद्या बाजूला राजपुत्र ढिम्म राहिला तर दोष तुमच्या बोटांचा नाही. साधा यूएसबी कीबोर्ड जोडा आणि मोकळे व्हा.

डाव्या हाताची करंगळी डाव्या शिफ्टवर. ती तिथून हलवायची नाही.

चालू कसा करायचा

तुमच्याकडे मूळ डॉसचा गेम असेल तर डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम, लागेल. हुकूम टाइप करत बसायची गरज नाही, गेमच्या फोल्डरमधली ‘प्रिन्स’ नावाची ईएक्सई फाइल उचलून डॉसबॉक्सच्या आयकनवर सोडली की गेम सुरू होतो. ऑल्ट आणि एंटर दाबलं की पूर्ण पडदा. पॅडवरची बटणं बदलायची असतील तर कंट्रोल आणि एफ-१ ने डॉसबॉक्सचं बटणं जुळवायचं पान उघडतं, लॅपटॉपवाल्यांनी ७ आणि ९ चं काम तिथे दुसऱ्या सोयीच्या बटणांना द्यावं.

दुसरा मार्ग एसडीएलपॉप. डॉसच्या गेमचा कोड उलगडून तो आजच्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा लिहिलेला आहे, मोफत मिळतो, आणि हालचाली अगदी मुळासारख्या आहेत. सरावासाठी मी हाच वापरायला सांगतो, कारण त्यात एफ-६ ने कुठेही गेम जतन होतो आणि एफ-९ ने तिथूनच परत सुरू होतो. एकच उडी सलग मारत राहायला याच्यासारखं साधन नाही. मात्र एफ-९ ची सवय घेऊन डॉसबॉक्समध्ये गेलात तर जपून: तिथे कंट्रोलसह एफ-९ म्हणजे खिडकीच बंद.

पहिला धडा: शिफ्ट धरून चालणं

गेम सुरू झाला की राजपुत्र तळघरात येऊन पडतो, मागे दार आपटतं. घड्याळ ६० मिनिटांचं आहे, हे विसरून जा. पहिले काही डाव फक्त मरायचे आहेत.

शिफ्ट धरा आणि अ‍ॅरो एकदा टिचका. राजपुत्र चवड्यावर एक पाऊल टाकतो. प्रत्येक पावलाला अ‍ॅरो नव्याने दाबायचा, नुसता धरून ठेवायचा नाही. असं चालत एखाद्या कडेपाशी जा. कड जवळ आली की शेवटचं पाऊल आपोआप लहान होतं आणि तो बरोब्बर काठावर उभा राहतो. आणखी एकदा दाबलंत तर तो पाय पुढे करून चाचपतो आणि मागे घेतो. हा गेमने दिलेला इशारा आहे. त्यानंतरही दाबलंत तर मात्र तो खरंच पाय टाकतो.

ही काठावरची जागा हा सगळ्या गेमचा पाया आहे. पडद्याची रुंदी बरोबर १० फरश्यांची असते आणि उंची तीन मजल्यांची. दरी किती फरश्यांची आहे हे मोजता येतं, उडी किती लांब जाते हे ठरलेलं आहे. तुम्ही काठावर नेमके उभे असाल तर उभी उडी दर वेळी तितकीच जाणार. चुकीची उडी म्हणजे बहुतेक वेळा चुकीच्या जागेवरून मारलेली उडी.

सैल फरश्या ओळखायच्या असतील तर जागेवर उभं राहून नुसतं वर दाबा. तो उडी मारून खाली आदळतो तेव्हा त्या मजल्यावरच्या सैल फरश्या खडखडतात. नवीन खोलीत शिरलं की आधी ही एक उडी, असा नियमच करून टाका.

जमिनीतले भाले शिफ्टने चालत गेलं की काही करत नाहीत, दोन भाल्यांमधून माणूस निवांत जातो. पळत गेलात किंवा वरून पडलात की संपलं. सुळ्यांसारखी वर-खाली मिटणारी पाती असतात, त्यांच्यापाशीही शिफ्टने अगदी जवळ जा, एकदा मिटून उघडू दे, लगेच पलीकडे. तिथे घाबरून जे आधीच पळत सुटतात त्यांचे दोन तुकडे होतात.

पळणं आणि थांबणं

पळायला सुरुवात केल्यावर थांबायला जागा लागते हे बोटांना कळलं पाहिजे. त्यासाठी सरळ लांब मजला शोधा आणि ठरवा: अमुक फरशीवर थांबायचं. बटण कुठे सोडलं की तिथे थांबतो, हे शोधत राहा. पळता पळता उलटा अ‍ॅरो दाबला तर तो घसरत जाऊन वळतो, त्यालाही तेवढीच जागा जाते. डोळ्यांनी राजपुत्राकडे बघायचं सोडून त्याच्या पुढच्या दोन फरश्यांकडे बघायला लागलात की निम्मं काम झालं. तुम्ही आता जे दाबता ते दोन फरश्यांनंतर घडणार आहे, म्हणून नजर तिथे हवी.

उडी

उभी उडी सोपी. शिफ्टने काठावर या, शिफ्ट सोडा, ७ किंवा ९ दाबा. तो आधी गुडघे वाकवतो, मग झेपावतो. तो वेळ जाणारच.

धावत्या उडीत मात्र पोरं रडकुंडीला येतात. दोन कारणं. एक, धाव पुरत नाही. कडेपासून निदान दोन-तीन फरश्या मागे जा, कारण वेग येण्याआधी दाबलेली उडी धावती होत नाही. मागे जातानाही शिफ्टने जा, म्हणजे किती मागे आलो ते कळतं. दुसरं, उडीचं बटण शेवटच्या क्षणाला दाबायची सवय. इतर गेमनी ती लावलेली असते. इथे उलट करा: पळण्याचा अ‍ॅरो धरलेला ठेवून, कड दोन फरश्यांवर आली की वरचं बटण दाबून धरा. गेम आतल्या आत पाऊल जुळवतो आणि राजपुत्र काठाजवळ पोचल्यावर झेप घेतो. मेकनरने ही मदत खास घालून ठेवलेली आहे, आणि उशिरा दाबणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. फार आधी, चार-पाच फरश्या अलीकडूनच दाबलंत तर मात्र समोर दरी नाही असं समजून तो तिथेच उडी मारून टाकतो.

झेप घेतल्यावर लगेच शिफ्ट दाबून धरा. पाय पलीकडे टेकले नाहीत तरी हातांनी कठडा पकडता येतो, आणि ज्या दऱ्या उडीपेक्षा एक फरशी मोठ्या वाटतात त्या अशाच पार होतात. लोंबकळत असताना शिफ्ट धरलेलंच ठेवायचं, वर दाबलं की तो अंग ओढून वर येतो. शिफ्ट सुटलं की हात सुटले. घाबरल्यावर माणूस सगळी बटणं सोडतो, तीच सवय मोडायची आहे. मी पोरांना सांगतो, करंगळी हा त्याचा हात आहे.

खाली उतरणं

याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग म्हणतात जीव पुरत नाही. पडण्याचा हिशेब साधा आहे. एक मजला पडलं तर काही होत नाही. दोन मजले पडलं तर एक जीव जातो, म्हणजे खाली डावीकडच्या लाल त्रिकोणांपैकी एक. सुरुवातीला ते तीनच असतात. तीन मजले पडलं की मृत्यू.

पण लोंबकळून सोडलंत तर त्यातला एक मजला वाचतो. त्यासाठी दरीकडे पाठ करून काठावर उभं राहायचं. काठावर शिफ्टने या, मग उलटा अ‍ॅरो एकदाच टिचकून तोंड फिरवा. जास्त वेळ धरलात तर वळून पळायलाच लागेल. आता खाली दाबा आणि शिफ्ट धरा. तो वाकून, कठडा पकडून खाली लोंबतो. मग शिफ्ट सोडा. दोन मजल्यांची उडी अशी फुकटात पडते. शिवाय लोंबताना खालची खोली दिसते तीही बघून घ्या.

बाटल्यांचं थोडक्यात: लहान बाटलीतलं लाल औषध एक जीव परत देतं, मोठ्या बाटलीतलं लाल जिवांची संख्याच वाढवतं, निळं पिऊ नका.

तलवार

पहिल्या लेव्हलमध्ये तलवार कुठेतरी पडलेली आहे. ती मिळेपर्यंत पहारेकऱ्यासमोर जाऊ नका, निःशस्त्र माणूस एका वारात मरतो. तलवारीवर उभं राहून शिफ्ट दाबलं की तो ती उचलतो.

पहारेकरी समोर आला की तलवार आपोआप बाहेर येते आणि बटणांचे अर्थ बदलतात. शिफ्ट म्हणजे वार. वर म्हणजे अडवणं. पुढचा अ‍ॅरो एक पाऊल पुढे, मागचा एक पाऊल मागे. खाली दाबलं की तलवार म्यान. दर वाराला आणि दर अडवणुकीला बटण नव्याने दाबायचं, धरून ठेवून काही होत नाही. लढताना गेम थोडा संथही होतो, सेकंदाला १० चित्रांवर येतो, म्हणून बडवाबडवीचा काही उपयोग नसतो. उलट रांगेत दाबलेली बटणं तुम्हाला नको त्या वेळी उघडं पाडतात.

सुरुवातीच्या पहारेकऱ्यांसाठी एवढं पुरे: जागेवर उभे राहा, त्याला तुमच्याकडे येऊ द्या. त्याचं पाऊल तुमच्या तलवारीच्या टप्प्यात पडलं की लगेच शिफ्ट. पुढे गेलेला माणूस पाऊल पुरं होईपर्यंत वार करू शकत नाही, आणि हा नियम त्यालाही लागू आहे. तुम्ही जर पुढे जाऊन वार करायला गेलात तर तुमचं पाऊल पुरं होईपर्यंत तो मोकळा असतो. सगळी पोरं पहिल्या दिवशी पुढेच जातात.

वरच्या लेव्हलमधले पहारेकरी तुमचा वार अडवतात. तिथे अडवणं आणि लगेच उलटा वार ही जोडी शिकायची. त्याचा हात उचलला की वर, आणि तलवारी आपटल्याचा आवाज आला की त्याच दमात शिफ्ट. तोही अडवेल, पुन्हा वार करेल, पुन्हा वर, पुन्हा शिफ्ट. दोन-तीनदा ठणठण होऊन कुणाचा तरी चुकतो. डोळ्यापेक्षा कान जास्त कामाला येतात, म्हणून आवाज बंद करून हा गेम खेळू नका. पीसी स्पीकरची ती साधी टिकटिक ठणठणसुद्धा पुरते. मागे सरकताना मागे काय आहे ते लक्षात ठेवा: दरी असली तर पडाल. तीच दरी त्याच्या मागे असेल तर एकेक वार करत त्याला तिकडे रेटा.

तिसऱ्या लेव्हलमधला सांगाडा तर असाच जातो. दाराकडे निघालात की तो उठून उभा राहतो, तलवारीने मरत नाही, त्याला कडेवरून खाली ढकलावं लागतं.

घड्याळ आणि जतन करणं

स्पेस बार दाबलं की किती मिनिटं उरली ते दिसतं. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, घड्याळ मात्र पुढेच चालतं. कंट्रोल आणि ए दाबून लेव्हल स्वतःहून पुन्हा सुरू केली तरी तेच. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी ने गेम जतन होतो, कंट्रोल आणि एल ने परत येतो. त्यात लेव्हलची सुरुवात राहते, मधली जागा राहत नाही. थांबायचं असेल तर एस्केप. आपल्याकडे वीज जाते, म्हणून नव्या लेव्हलमध्ये पाय ठेवला की आधी जतन करा.

यावरून सरावाचा माझा क्रम: पहिली लेव्हल कमी वेळात आणि न मरता पार होईपर्यंत दुसरीचा विचार करायचा नाही. त्यात वर लिहिलेलं जवळजवळ सगळं येतं. शिफ्ट आणि एल दाबून चौथ्या लेव्हलपर्यंत उडी मारता येते, पण घड्याळ १५ मिनिटांवर येतं. सांगाड्याचा किंवा चौथ्या लेव्हलमधल्या आरशाचा सराव करायला ते ठीक, खरा डाव त्यावर खेळू नका.

तीन जागा, जिथे बटणांचीच परीक्षा आहे

पुढचं वाचायचं की नाही ते ठरवा, कारण यात गुपितं फुटतात.

चौथ्या लेव्हलमध्ये बाहेरचं दार उघडून परत येताना वाटेत आरसा उभा असतो. चालत जाऊन काही होत नाही, उभी उडीही आपटते. पुरेशी धाव घेऊन धावती उडी त्याच्यातून मारायची. आरशातून तुमची सावली वेगळी होऊन उलट दिशेने पळून जाते आणि तुमच्याकडे एकच जीव उरतो. ही सावली मेमरीच्या टंचाईतून जन्माला आली: अ‍ॅपल टू मध्ये नव्या पात्राच्या चित्रांना जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांवर चढवली आणि हे चमकणारं भूत तयार झालं. पुढे ती तुमच्या तोंडची बाटली पिते, दार लावून टाकते. मला हे सगळ्या गेममधलं सर्वांत देखणं पात्र वाटतं. मेकनरने एप्रिल २०१२ मध्ये, वडिलांना जुन्या फ्लॉप्या सापडल्यावर, मूळ सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांनी तो जरूर उघडून बघावा.

बाराव्या लेव्हलमध्ये बुरुज चढून गेल्यावर तीच सावली तलवार उपसून समोर येते. तिला मारलेला प्रत्येक वार तुम्हालाच लागतो. इथे करंगळी शिफ्टवरून उचलायची आणि खालचं बटण दाबायचं. तुम्ही म्यान केलीत की तीही करते. मग सरळ तिच्यात चालत जा. त्यानंतर पुढे मजला नाही असं दिसेल, तिथे शिफ्टने चाचपत बसू नका, पळत सुटा, पायाखाली फरश्या उमटत जातात.

आणि जाफर, गेममधला शेवटचा शत्रू. तो चांगला अडवतो, एवढंच. अडवणं आणि उलटा वार ही जोडी हाताला बसली असेल तर तो इतर पहारेकऱ्यांसारखाच आहे. इथे घाई होते कारण घड्याळात दोन-चार मिनिटंच उरलेली असतात, आणि घाईत माणूस पुन्हा पुढे पाऊल टाकून वार करायला जातो. उभे राहा, त्याला येऊ द्या. तो पडला की घड्याळ थांबतं, म्हणून त्यानंतर राजकन्येच्या खोलीपर्यंत शिफ्ट धरून सावकाश गेलात तरी चालतं.